कोर्टाच्या गेटवर आधी आमची बॅग उघडा

हे आवाहन तिघांना आहे. ज्यांची येत्या आठवड्यात तारीख आहे त्यांना, ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही आणि चढायची वेळ येऊ नये म्हणून जे देवाला हात जोडतात त्यांना, आणि सगळ्यांत आधी आम्हा वकिलांना. मागणी एकच आहे. कोर्टाच्या गेटवर आत येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे आणि त्यात अपवाद कुणाचाही नको. काळ्या कोटाचा नको, खाकी वर्दीचा नको, साहेबांच्या ओळखीतल्या माणसाचा नको आणि रोज अकराला चहा घेऊन येणाऱ्या पोराचाही नको.

घाई कशाची, तेही सांगतो. 24 सप्टेंबर 2021 रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात, न्यायाधीश डायसवर असताना, जितेंद्र गोगी या टोळीप्रमुखावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी दोन होते आणि दोघांच्याही अंगावर वकिलाचा पोशाख होता. पोलिसांनी त्यांना जागीच ठार केलं. देशभर खळबळ उडाली, बैठका झाल्या, तपासणी कडक होणार असं जाहीर झालं. पुढे तीन महिनेही उलटले नाहीत तोच, 9 डिसेंबरला, त्याच रोहिणी न्यायालयाच्या एका कोर्टरूममध्ये टिफिनमधून आणलेला बॉम्ब फुटला. या प्रकरणात अटक झाली ती संरक्षण संशोधन क्षेत्रातल्या एका शास्त्रज्ञाला; त्याचं शेजारच्या वकिलाशी वैर होतं, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच महिन्यात लुधियानाच्या जिल्हा न्यायालयातल्या स्वच्छतागृहात स्फोट झाला. त्यात मेला तो बॉम्ब घेऊन आलेलाच, पोलीस खात्यातून बडतर्फ झालेला हवालदार. एप्रिल 2023 मध्ये साकेत न्यायालयाच्या आवारात तारखेला आलेल्या महिलेवर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपी वकिलीतून निलंबित झालेला माणूस. 7 जून 2023 रोजी लखनौच्या न्यायालयात संजीव जीवा या गुंडाला मारलं, आणि मारेकऱ्याच्या अंगावर पुन्हा वकिलाचाच वेश. त्या गोळीबारात एक लहान मूल जखमी झालं. कुणाचं तरी लेकरू, कुणाच्या तरी तारखेला सोबत आलेलं.

या यादीत परका, अनोळखी चेहऱ्याचा अतिरेकी जवळपास नाही. आहेत ती गेटवर ज्यांना कुणी अडवत नाही अशी माणसं, किंवा त्यांचं सोंग घेतलेली.

हे सगळं तिकडचं, उत्तरेतलं, आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांना 1983 सालची मुंबई आठवत नसावी. अमीरजादा पठाणला मुंबईच्या सत्र न्यायालयातच गोळ्या घातल्या गेल्या, आणि काही आठवड्यांतच त्याचा बदला म्हणून बडा राजनला एस्प्लनेड कोर्टाबाहेर मारलं ते नौदलाच्या गणवेशात आलेल्या माणसाने. चाळीस वर्षांत वेश बदलला, युक्ती तीच राहिली. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जे घडलं ते तर सगळ्या जगाने वाचलं. कस्तुरबा नगरच्या बायाबापड्यांना वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादवला जमावाने कोर्टरूममध्ये घुसून ठार केलं. त्या बायकांनी काय सोसलं होतं ते नागपूरला ठाऊक आहे, आणि पोलिसांनी त्यांना कसं वाऱ्यावर सोडलं होतं तेही. त्यांच्या रागावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण गेटच्या बाजूने पाहा: कोठडीतला आरोपी, सोबत पोलीस, भर दुपार, न्यायदानाची खोली, आणि तिथपर्यंत सुऱ्या आणि मिरचीपूड बिनदिक्कत पोचली. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, त्या खुनाच्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. म्हणजे न्यायालयाच्या खोलीत झालेल्या खुनाचाही न्यायालयाला छडा लागला नाही.

नागपूरच्याच जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत डिसेंबर 2018 मध्ये एका सहायक सरकारी वकिलाने निकाल विरोधात गेला म्हणून न्यायाधीशांच्या कानशिलात लगावली. डिसेंबर 2024 मध्ये कल्याणच्या न्यायालयात खुनाच्या खटल्यातल्या आरोपीने न्यायाधीशांवर चप्पल भिरकावली. चप्पल म्हणून आपण हसलो आणि बातमी विसरलो. ज्या अंतरावरून चप्पल फेकता येते त्या अंतरावरून दुसरंही काही फेकता येतं.

आता जरा आपल्या गेटकडे येऊ. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं कुठलंही जुनं कोर्ट घ्या. साडेदहाची वेळ. गेटात मेटल डिटेक्टरची चौकट उभी असते. तिची वायर कधी लावलेली असते, कधी गुंडाळून चौकटीवरच टाकलेली असते. लावलेली असली तर ती सारखी वाजत असते, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, किल्ल्या, कमरेला पट्टा. वाजण्याला कुणी दाद देत नाही. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत एक हवालदार आणि सोबत एक होमगार्ड. त्यांच्यापुढे रजिस्टर, आणि त्यात नावं आहेत ती फक्त खेड्यातून आलेल्या माणसांची, कारण नाव लिहायला तेवढेच थांबतात. म्हातारीच्या पिशवीतून भाकरीचं फडकं बाहेर काढलं जातं, ती ओशाळते, हवालदारही ओशाळतो. तेवढ्यात तिच्या मागून चारचाकी हॉर्न देत आत जाते. काच खाली होत नाही. काचेवर वकिलाचं चिन्ह आहे, एवढं पुरतं. ते चिन्ह कोर्टाबाहेरच्या कुठल्याही स्टिकरवाल्याकडे मिळतं.

त्या हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने एखाद्या ज्येष्ठ वकिलाची बॅग उघडायला सांगितली की पुढे काय होतं, ते त्याला पक्कं माहीत आहे. दिल्लीत तीस हजारी न्यायालयात नोव्हेंबर 2019 मध्ये वाहन लावण्यावरून वकील आणि पोलिसांत जी धुमश्चक्री झाली, ती देशातल्या प्रत्येक कोर्ट-ड्युटीवाल्याने पाहिली आहे. काम बंद, मोर्चा, साहेबांकडे तक्रार, बदली. त्यापेक्षा सलाम ठोकणं स्वस्त पडतं. म्हणून कितीही सरकारी आदेश निघाले तरी ही कोंडी हवालदार फोडू शकणार नाही. ती आम्ही वकिलांनीच फोडायची आहे.

गेटच्या आतलं चित्रही बघून घ्या. जुन्या इमारतीत एकच व्हरांडा असतो. न्यायाधीश त्याच व्हरांड्यातून चेंबरमध्ये जातात. कैद्यांची ने-आण करणारं पोलीस पथक, म्हणजे कैदी पार्टी, आरोपीला त्याच व्हरांड्यातून आणतं. फिर्यादी तिथेच बाकावर बसलेला असतो आणि त्याच्या समोरच्या बाकावर आरोपीचे भाऊ. साक्षीदार बाईला पाणी प्यायला जायचं तर त्या भावांच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागतं. त्यांनी काही बोलायचीही गरज नसते. पुकारा होईपर्यंत दोन तास तिच्याकडे पाहत बसलं तरी काम होतं. साक्षीदार फितूर का होतात यावर परिसंवाद घेण्यापेक्षा संयोजकांनी एकदा या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसून यावं.

आणि कोर्टातली खरी रोजची मारामारी टोळीयुद्धाची नसतेच. माझ्या पाहण्यात ती दोन प्रकारची: बांधाच्या भांडणातले सख्खे चुलत, आणि पोटगीच्या दाव्यातले दोन्हीकडचे नातेवाईक. मूल बापाच्या ताब्यातून आईकडे द्यायचा आदेश झाला की व्हरांड्यात जी ओढाताण होते ती पाहवत नाही. यातल्या कुणीही बंदूक आणत नाही. पण घरून निघताना गाडीच्या डिकीत कोयता राहिलेला असतो, आणि डिकी कुणी उघडत नाही.

आत हत्यारं आधीपासूनही असतात. मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या सुऱ्या, कोयते, गज पुराव्यासाठी कोर्टापुढे येतात, टेबलावर ठेवले जातात, साक्षीदाराच्या हातात ओळखायला दिले जातात, आणि तिथून तीन पावलांवर आरोपी उभा असतो. आजवर निभावलं ते बव्हंशी कारकुनांच्या सावधपणावर. सील, कुलूप आणि टेबलाजवळ एक पोलीस, एवढी साधी शिस्तही सगळीकडे नाही.

न्यायाधीशांच्या सुरक्षेबद्दल बोललं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूकधारी येतात. ते उच्च न्यायालयाचं किंवा गाजलेल्या खटल्यांचं चित्र आहे. 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यात न्यायाधीश प्रमोद कोदे यांना कडेकोट बंदोबस्त होता, कसाबच्या खटल्यासाठी आर्थर रोड तुरुंगातच न्यायालय बसवलं आणि कोठडीपासून तिथपर्यंत बंदिस्त मार्ग बांधला. सरकारने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. पण देशातले बहुतेक खटले चालतात ते जिल्हा आणि तालुका न्यायालयांत, आणि तिथले दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणजे बऱ्याचदा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा. ठरावीक वर्षांनी बदली, अनोळखी गाव, सरकारी निवासस्थान रिकामं नसेल तर भाड्याचा फ्लॅट. सकाळी ज्याचा जामीन नाकारला त्याचा मामा संध्याकाळी किराणा दुकानात शेजारी उभा. तो नमस्कार करतो आणि विचारतो, "मॅडम, मुलीला कोणत्या शाळेत घातलंत?" यात गुन्हा काही नाही, तक्रार करण्याजोगंही काही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या मॅडम डायसवर बसतात तेव्हा ते वाक्य त्यांच्याबरोबर बसलेलं असतं.

धनबादचे अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद 28 जुलै 2021 च्या पहाटे एकटेच फिरायला निघाले होते. मागून आलेली रिक्षा रस्ता सोडून त्यांच्या अंगावर आली आणि निघून गेली. आधी सगळ्यांनी अपघातच धरला होता. चौकातल्या कॅमेऱ्यात ते दृश्य नसतं तर तो अपघातच राहिला असता. दोनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, आणि बरोबर वर्षाने, 28 जुलै 2022 रोजी, दोघे आरोपी दोषी ठरले. पुढे त्यांना जन्मठेप झाली. हा वेग वाखाणण्याजोगा आहे. पण गेलेला न्यायाधीश त्याने परत आला नाही, आणि आपल्या गावातल्या न्यायाधीशांच्या घरासमोरच्या चौकात कॅमेरा आहे का, हे आजही आपण विचारलेलं नाही. वर्दीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही: नोव्हेंबर 2021 मध्ये बिहारमधल्या झंझारपूरच्या न्यायालयात दोन पोलीस अधिकाऱ्यांनी चेंबरमध्ये शिरून न्यायाधीशांना मारहाण केल्याचं प्रकरण गाजलं.

कायदा काय म्हणतो? न्यायाधीशांना संरक्षण देणारे दोन कायदे आपल्याकडे आहेत, एक 1850 चा आणि एक 1985 चा. नावं वाचून फसू नका. दोन्ही त्यांना वाचवतात ते दाव्या-खटल्यांपासून, म्हणजे दिलेल्या निकालाबद्दल त्यांच्यावरच कुणी खटला भरू नये म्हणून. रिक्षापासून आणि गोळीपासून वाचवण्याचं काम त्यांत कुठेच नाही. ते काम पोलीस आणि गृहखात्याच्या मर्जीवर.

ही मर्जी संपावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी प्रद्युम्न बिष्ट प्रकरणात न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठातर्फे सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक उच्च न्यायालयाने राज्याचं गृहखातं आणि पोलीस प्रमुखांशी बोलून सुरक्षा आराखडा करायचा, तो तालुक्यापर्यंत न्यायचा. प्रत्येक न्यायालय संकुलासाठी कायमचं सुरक्षा पथक, म्हणजे आज इथे आणि उद्या गणपती बंदोबस्ताला अशी माणसं नव्हेत. कॅमेरे, वाहनांना पास, येण्याजाण्याचे मोजके मार्ग, आवारातल्या टपऱ्या आणि दुकानांवर नियंत्रण, रुग्णवाहिका, आग विझवण्याची सोय, धोकादायक कैद्यांना शक्यतो पडद्यावरून हजर करणं, आणि या सगळ्याची ठरावीक काळाने तपासणी. आराखडा उत्तम आहे. मी तो वाचला तेव्हा वाटलं की यात लिहायचं राहिलं असं काही नाही. राहिलं ते करायचंच. राज्यात सुरक्षा महामंडळ आहे, रक्षकांची पदं मंजूर झाल्याच्या बातम्याही येतात. पण मंजूर पद गेटवर उभं राहून बॅग तपासत नाही.

इथे एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. न्यायालय हे खुलं असतं. कुणीही यावं, मागच्या बाकावर बसावं, कामकाज पाहावं, हा आपल्या न्यायव्यवस्थेचा कणा आहे आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही तसं कलम आहे. बंदोबस्ताच्या नावाखाली कोर्टाचा किल्ला झाला, प्रत्येकाला "काय काम आहे?" असं दरडावून विचारलं जाऊ लागलं, तर आधीच कोर्टाला बिचकणारा गरीब माणूस गेटवरूनच परत जाईल. हा धोका मला खरोखर वाटतो. म्हणून तपासणी मागताना ती कशी हवी तेही मागितलं पाहिजे. कारण विचारायचं नाही, फक्त काय घेऊन चाललात ते पाहायचं. बायकांसाठी पडद्याआडची जागा आणि महिला पोलीस, आणि ती जेवणाच्या सुट्टीतही जागेवर. विळा, पकड, स्क्रू-ड्रायव्हर असं रोजच्या कामाचं काही जवळ असेल तर टोकन देऊन ठेवून घ्यायची खिडकी. शेतातून थेट आलेल्या माणसाला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही. आणि रांग गेटबाहेर साचू द्यायची नाही. दिल्ली उच्च न्यायालयात 7 सप्टेंबर 2011 रोजी स्फोट झाला तो आत कुठे नाही, पाच नंबरच्या गेटपाशी, पाससाठी लोक ताटकळत होते तिथे. ब्रीफकेसमध्ये बॉम्ब होता. डझनाहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत बहुतेक तारखेला आलेले सामान्य पक्षकार. तपासणीची रांगच लक्ष्य होते, हे तिथे शिकायला मिळालं. दोन दारं, दोन यंत्रं, सकाळी दहा ते अकरा जादा माणसं, एवढ्यावर रांग आटोक्यात राहते.

पडद्यावरून हजेरीबद्दलही सावध राहू. न्यायालयीन कोठडीतल्या आरोपीला तारीख वाढवण्यापुरतं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर आणलं तर कैदी पार्टी वाचते, रस्त्यावरचा धोका टळतो, व्हरांड्यातली गर्दी कमी होते. ते चांगलंच. पण पोलीस कोठडी मागताना आरोपी समक्षच हजर हवा, आणि कायदाही तेच सांगतो. कारण अंगावरचे वळ कॅमेऱ्यात दिसत नाहीत आणि शेजारी पोलीस उभा असताना पडद्यावरून कुणी मारहाणीची तक्रार करत नाही. सुरक्षेचं निमित्त करून आरोपीचा न्यायाधीशांशी असलेला हा एकमेव थेट संबंध कुणी तोडू पाहत असेल, तर त्याला आम्ही विरोधच करू.

6 ऑक्टोबर 2025 चा दिवस वाचकांना आठवत असेल. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी घेत असताना एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीश विचलित झाले नाहीत, सुनावणी पुढे चालू राहिली. हा त्यांचा मोठेपणा. माझा मुद्दा निराळा आहे. तो माणूस रीतसर वकील होता, रीतसर आत आला होता, आणि बूट कुठल्याही यंत्रात सापडत नाही. यंत्राने थांबणारा धोका वेगळा आणि हा वेगळा. त्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटांत कितीतरी सुशिक्षितांनी त्या कृत्यावर अंगठे उंचावले, विनोद फिरवले. निकाल पटला नाही तर अपील आहे, पुनर्विलोकन आहे, वर्तमानपत्रात झणझणीत लेख लिहायची मुभा आहे. निकालावर टीका जरूर करा, माझ्यासारखे वकील तर त्यावरच जगतात. न्यायाधीशाच्या जातीवर, बायकोवर, घरच्या पत्त्यावर घसरू नका. सरन्यायाधीशांभोवती कडं असतं म्हणून ते मोठ्या मनाने माफ करू शकतात. तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशाला तशी माफी परवडत नाही.

घरच्या पत्त्यावरून अमेरिकेतलं एक प्रकरण आठवतं. न्यू जर्सीच्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी जुलै 2020 मध्ये कुरिअरवाल्याच्या वेशात एक वकील आला. दार उघडणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला त्याने ठार केलं, वडिलांना जखमी केलं. त्या मुलाच्या नावाने 2022 मध्ये तिथे कायदा झाला आणि न्यायाधीशांचे घरचे तपशील इंटरनेटवरून हटवायची सोय झाली. आपल्याकडे असा कायदा यायला वेळ लागेल. पण न्यायाधीशांच्या घराचा, गाडीचा किंवा मुलांचा फोटो पुढे न पाठवायला कायदा कशाला हवा?

तसंच बॉम्बच्या खोट्या ई-मेलचं. 12 सप्टेंबर 2025 रोजी अशाच एका मेलमुळे मुंबई उच्च न्यायालयाची इमारत रिकामी करावी लागली. त्याच दिवशी दिल्ली उच्च न्यायालयातही तोच प्रकार. काही सापडलं नाही. पण कुणाचा जामीन, कुणाची स्थगिती, कुणाचं बेकायदा ताब्यात घेतलेल्या नातलगासाठीचं प्रकरण त्या दिवशी बोर्डावर होतं. असा संदेश हातात आला तर 112 ला कळवा आणि तिथेच थांबवा. तो गटात टाकणारा माणूस धमकी देणाऱ्याचंच काम करतो. आणि खोट्या मेलला सरावून खरी पिशवी दुर्लक्षित राहण्याचा दिवस येऊ नये, म्हणून प्रत्येक कोर्टात वर्षातून दोनदा इमारत रिकामी करण्याचा सराव झाला पाहिजे. तुमच्या गावच्या कोर्टात तो शेवटचा कधी झाला, विचारून पाहा.

आता ज्याच्या त्याच्या वाट्याचं सांगतो.

पक्षकारांनो, अर्धा तास आधी या. सोबत गरज असेल तेवढीच माणसं आणा. दहा जण नेले की आपलं पारडं जड होतं हा समज सोडा, न्यायाधीश व्हरांड्यातली डोकी मोजून निकाल देत नाहीत. दुसऱ्या पक्षाकडून धमकी आली असेल तर वकिलाला आणि पोलिसांना आजच लेखी कळवा, तारखेची वाट पाहू नका. साक्षीदारांसाठी 2018 पासून संरक्षण योजना आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, जिल्हा पोलीस प्रमुख तिचे सदस्य आहेत आणि तिच्याकडे अर्ज करता येतो. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांकडून मागवून ती संरक्षणाचा आदेश देते. ही योजना आहे हेच बहुतेक साक्षीदारांना कुणी सांगत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन लावा. लहान मुलं आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांची साक्ष आरोपीच्या नजरेआड घेण्यासाठी वेगळी केंद्रं प्रत्येक जिल्ह्यात उभारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये दिला तो आपल्याच राज्यातून गेलेल्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात. तुमच्या जिल्ह्यातलं केंद्र चालू आहे की त्यात जुन्या फायली ठेवल्या आहेत, हे पाहायचा तुम्हाला हक्क आहे.

ज्यांचा कोर्टाशी संबंध नाही त्यांनी आपल्या आमदाराला एक प्रश्न विचारावा: आपल्या तालुक्याच्या कोर्टाचा सुरक्षा आराखडा झाला आहे का, आणि त्यासाठी पैसे कधी मिळणार? आराखड्यातले बारकावे कुणी सांगणार नाही, सांगूही नयेत. पण झाला की नाही, यात लपवण्यासारखं काही नाही. नवी कोर्टं बांधली जात आहेत, वांद्र्याला उच्च न्यायालयाचं नवं संकुल येत आहे, कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच सुरू झालं आहे. न्यायाधीश, कैदी आणि जनता यांचे तीन वेगळे मार्ग कागदावर असतानाच आखले तर जादा खर्च जवळपास नाही. इमारत झाल्यावर भिंती फोडायच्या तर निविदेत तीन वर्षं जातात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी नकाशावर सही करण्याआधी जिल्हा न्यायाधीश आणि पोलीस अधीक्षकांबरोबर जागेवर एक चक्कर मारावी.

आणि वकील बंधू-भगिनींनो, उरलो आपण. आपण न्यायालयाचे अधिकारी आहोत, आपली झडती घेणं हा अपमान आहे, हा युक्तिवाद बार रूममध्ये दर वेळी टाळ्या घेतो. विमानतळावर आपण पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवतो तेव्हा तो अपमान कुठे जातो? रोहिणीत आणि लखनौत मारेकऱ्यांनी कोट आपला वापरला. आपल्याला मिळणारी सूट हेच त्यांचं तिकीट होतं. ती सूट सरकारने काढून घ्यायची वाट पाहिली तर संघर्ष होईल, संप होईल, आणि पक्षकाराची तारीख पुढे जाईल. आपणहून सोडली तर एका दुपारच्या सर्वसाधारण सभेत विषय संपतो. प्रत्येक तालुका आणि जिल्हा वकील संघाने येत्या महिन्यात ठराव करावा: छायाचित्राचं, तपासता येणारं ओळखपत्र गळ्यात, स्टिकरऐवजी वाहनाला क्रमांकित पास, सनद निलंबित झाली की ओळखपत्र त्याच दिवशी जमा, आणि बॅगेची तपासणी सर्वांची, ज्येष्ठांची आणि पदाधिकाऱ्यांचीही. ठरावाची एक प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना द्या, एक पोलीस अधीक्षकांना, आणि एक गेटवरच्या त्या हवालदाराच्या हातात, म्हणजे उद्या कुणी त्याच्यावर डोळे वटारले तर त्याला तो कागद दाखवता येईल. अंमलबजावणीच्या पहिल्या सकाळी संघाच्या अध्यक्षांनी सर्वांत आधी रांगेत उभं राहावं आणि आपली बॅग स्वतः उघडून टेबलावर ठेवावी.